परत आलेले तंबोरे

चाळीस गिऱ्हाइकांनी तोंडभरून कौतुक केलं आणि त्या कौतुकापायीच दुकान बंद पडलं. हे कोडं शिफाला काही केल्या सुटेना.

साल २०५८. मिरजेत शिफाची फुफी, म्हणजे आत्या, तंबोरे बनवायची आणि 'दशदिशा' या ऑनलाइन बाजारात विकायची. बुधवारी तिथल्या तिच्या दुकानावर लाल पट्टी आली : 'विक्रेता संशयास्पद. विक्री थांबवली आहे. सोमवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर दुकान कायमचं बंद.' धारवाडच्या एका संगीतशाळेची बारा तंबोऱ्यांची मागणी त्यामुळे अडकून पडली. ती गेली असती, तर फुफीचे दोन्ही कारागीर घरी बसले असते.

तपासाला बाजाराने सोमवारपर्यंत यंत्रमानव पाठवला होता, पारखी नावाचा. तो चहाला नाही म्हणाला, तेव्हाच फुफीच्या मनातून उतरला.

"माझ्या फुफीला लबाड का ठरवलंस?" शिफाने सरळ विचारलं. वय बारा, पण उत्तर मिळाल्याशिवाय ती जागची हलायची नाही.

पारखीने भिंतीवर प्रकाशाचे चाळीस ठिपके उमटवले. "हे तुमचे अभिप्राय." प्रत्येक ठिपक्यातून एक रेघ निघाली आणि सगळ्या रेघा एकाच जागी येऊन मिळाल्या. "सगळे एकाच टॅबवरून लिहिलेत. लबाड विक्रेते हेच करतात. चाळीस नावं घेऊन आपलीच पाठ थोपटतात."

शिफाने फुफीकडे पाहिलं. फुफीने मान दुसरीकडे वळवली.

"अगं, म्हातारे गवई येतात. त्यांना कुठलं टाइप करता येतंय? मग मीच म्हणते, तुम्ही बोला, मी लिहिते. खोटं काय त्यात?"

"खोटं नसेलही," पारखी म्हणाला. "पण मला कळणार कसं? विश्वासाला स्वतंत्र पुरावा (विक्रेत्याशी काही लागाबांधा नसलेल्या माणसाचा) लागतो. एका हाताने लिहिलेले चाळीस अभिप्राय मी एकच धरतो."

"मग सगळ्यांना फोन करते," फुफी म्हणाली. "नातवंडांकडून लिहून घेतील आपापल्या घरून."

"सांगून लिहून घेतलेलं पुन्हा तुमचंच झालं."

शिफाला राग आला आणि पटलंही. दोन दिवस ती एकाच प्रश्नाच्या मागे लागली : लबाडाला काय जमणार नाही?

शनिवारी हुबळीहून एक लांबलचक पार्सल आलं. आत जुना तंबोरा होता.

"हा आपणच विकलेला?"

"सतरा वर्षं झाली. चौथ्यांदा येतोय जवारीला," फुफी म्हणाली. जवारी म्हणजे तारेला झणकार यावा म्हणून, तारा जिच्यावरून जातात त्या घोडीच्या माथ्याला दिलेला बारीक उतार. वाजवून वाजवून तो झिजतो आणि तंबोरा पुन्हा कारागिराकडे पाठवावा लागतो.

शिफा ताडकन उठली. "पारखी, फसलेला माणूस आपली वस्तू त्याच दुकानात चारदा पाठवेल?"

"नाही पाठवणार."

"आणि त्याची नोंद पार्सलवाल्यांकडे असते. आमच्या टॅबवर नाही. बघ तपासून."

पारखीने पार्सलवाल्यांच्या नोंदी चाळल्या. मग भिंतीवर नवे ठिपके उमटले : एकोणीस गावं, त्रेसष्ट तंबोरे. प्रत्येक रेघ वेगळ्या दिशेने मिरजेकडे येत होती. मग त्याने तीन हजार अभिप्रायांचं एक नावाजलेलं दुकान तपासलं. तिथे पंधरा वर्षांत एकही वाद्य परत आलं नव्हतं.

"मी नुसतं कौतुक मोजत होतो," पारखी म्हणाला. "आता माणसं पुन्हा येतात का, तेही मोजेन."

"आणि एका हाताने लिहिलेले ते चाळीस अभिप्राय आपण काढून टाकू, फुफी," शिफा म्हणाली.

फुफीला वाईट वाटलं. त्यातला एक अभिप्राय ज्यांचा होता, ते गवई आता हयात नव्हते. तेवढा तिने आधी वहीत उतरवून घेतला आणि मग सगळे पुसले.

लाल पट्टी गेली. तिच्या जागी आलं : 'विश्वासार्ह. पुढची तपासणी तीन महिन्यांनी.'

"म्हणजे शंका आहेच की अजून," फुफी कुरकुरली.

"असू दे," शिफा म्हणाली. "पारखी, तीन महिन्यांनी ये. आणि हे बारा तंबोरे धारवाडहून जवारीला परत येतील ना, तेव्हाही ये. तेव्हा जवारी मी करत असेन."

फुफीने हुबळीचा तंबोरा शिफाच्या मांडीवर आडवा ठेवला आणि जवारी घासायची आपली कानस तिच्या हातात दिली.