बुडवून वाचवलेली नाव

आकाराम आणि त्याची मुलगी अनुजा यांनी दोन उन्हाळे खपून बाभळीची नाव बांधली, आणि पहिल्याच पुरानं ती नेली. ती परत आणायला बापलेक निघाले ते गुळाच्या काहिलीत बसून. शिरोळकडं पूर आला की गुऱ्हाळावरची ही भलीमोठी कढईच होडी होते. काहील गणपतरावांची, म्हणून तेही बरोबर. ती गरगर फिरू नये यासाठी तळाशी वाळूची पोती टाकली होती.

चूक आकारामची होती. नवी नाव आधी दगड भरून पाण्यात बुडवायची, लाकूड फुगून फटी मिटल्या की वर काढायची, हा त्याच्या घरचा रिवाज. पण नवा रंग चार लोकांना दाखवायच्या हौसेपायी त्यानं ती काठाशी तरंगती ठेवली. अनुजाचा राग अजून गेला नव्हता.

बुडालेल्या उसावरून बांबू रेटत ते नदीकाठच्या मळीतल्या बाभळींपाशी पोचले. फांद्यांत नाव अडकली होती. खाली, प्रवाहाच्या तोंडावर, पुलाचे खांब दिसत होते.

अनुजानं नावेचा दोर काहिलीला बांधला. फांद्या तोडल्या. नाव सुटली, आडवी झाली आणि काहिलीलाच ओढू लागली! काहिलीचा काठ पाण्याला टेकला. पाणी आत शिरलं.

"दोर झाडाला घाल!" आकाराम ओरडला.

अनुजानं खोड गाठलं. वेढे घातले. काहील थांबली.

"आबा, ही आता न्हाय यायची," ती म्हणाली. "आन् हितं ठेवली तर वाहती लाकडं दोर तोडत्यात."

आकारामनं तळाच्या पोत्यांकडं बोट केलं. "गणपतराव, पोती नावंत टाका."

"आन् काहील? हलकी झाली की गरागरा फिरंल की."

"फिरू द्या. नाव बुडवायची हाय. लाकडं वरनं जातील."

तळाचं बूच अनुजानंच ठोकून बसवलं होतं. नावेत उतरून तिनं ते उपटलं, तेव्हा तिला रडू आलं. नाव सावकाश खाली गेली. परतताना काहील एवढी फिरली की काठ कुठला हेच कळेना. ती एका आंब्याला आदळून अडकली, तेव्हा तिघं सुटले.

पूर ओसरल्यावर नाव चिखलात तिथंच सापडली. रंग पार गेला होता. अनुजानं पोती काढली, बूच ठोकलं आणि नाव पाण्यात ढकलली.

"आबा, रंग कुठला लावायचा?"

आकारामनं नावेच्या आतून फटीवरून बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं.

"लावू की कवातरी," तो म्हणाला. "तू बस आधी."