सहावी नळी

दर रविवारी सकाळी नऊ वाजता माझ्या तिण्णैवर आठ-दहा मुलं येऊन बसतात. तिण्णै म्हणजे घरापुढचा ओटा. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत थोड्याच घरांना तो उरला आहे. बाकीच्यांनी तोडून मोपेडसाठी जागा केली. ही मुलं घरी मराठी ऐकतात, थोडी बोलतात, पण लिहितात तमिळ आणि इंग्रजी. त्यांना देवनागरी शिकवण्याचं काम मी १९७९ पासून करतो आहे. वर्गाची सुरुवात नावाने होते. मी फळ्यावर माझं नाव लिहितो, वैद्यनाथ दिवटे. मुलं ते उतरवून घेतात, मग आपापलं लिहितात.

सेहेचाळीस वर्षं वह्या तपासल्यावर एक गोष्ट आपोआप येते. कोणी कोणाचं पाहून लिहिलं ते कळतं. बरोबर उत्तरावरून नाही कळत, चुकीवरून कळतं. दोन वह्यांत एकाच जागी एकच चूक असली की समजावं.

माझी नात साईप्रिया बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत काम करते. गेल्या नोव्हेंबरअखेर ती घरी आली तेव्हा मी तिला हेच सांगत होतो. ती हसली.

"आम्ही पण तेच करतों, आजोबा. बापाकडून मुलाला एक वही जाते. मुलगा ती उतरवतो. शेकडो वर्षांत एखादी चूक होते. ती चूक पुढच्या सगळ्यांच्या वहीत. आडनांव जसं जातं तसंच."

"मग आपलं आडनाव तपासतां येईल?"

"येईल की. दिवटे घरांतले पुरुष किती?"

घरं पाच. माझं, नात्याने पुतण्या लागणाऱ्या नटराजचं, आणखी तीन. आमच्यात सांगतात की पहिला दिवटे साताऱ्याकडच्या एका गावातून निघाला आणि राजाच्या पालखीपुढे दिवटी धरून चालत इथवर आला. मी चाळीस वर्षं खपून त्याची वंशावळ लिहिली आहे. दोनशे चौदा नावं. पोंगलला सगळी घरं जमणार होती आणि ती वंशावळ पुस्तक होऊन निघणार होती. शेवटच्या पानावर विज्ञानाचा दाखला असावा असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला माझंच प्रशस्तिपत्रक हवं होतं.

साईप्रियाने सहा नळ्या आणल्या, एक जादा. कापसाची काडी गालाच्या आत फिरवायची, नळीत घालायची, झाकण लावायचं. नटराज काडी तोंडात धरून म्हणाला, "सरी, बरं झालं, आतां मी राजाच्या पुढचा की पाठचा ते कळेल." माझ्या सुनेने, भुवनेश्वरीने, सगळ्यांना फिल्टरची काप्पी दिली. पाच नळ्यांवर मी माझ्या हाताने देवनागरीत नावं लिहिली. सहावी नळी रिकामी, झाकण न उघडलेली, वर कोरी चिठ्ठी. तीही मीच डब्यात परत ठेवली आणि डब्याला पट्टी लावली. एवढं तपशिलाने सांगतो आहे, कारण पुढे मला याची पुन्हा पुन्हा खात्री करून घ्यावी लागली.

साताऱ्याकडच्या त्या गावातल्या दोन दिवट्यांचे नमुने साईप्रियाने परस्पर मागवले होते.

तीन आठवड्यांनी दुपारी तिचा फोन आला. आवाज जरा जपून.

"आजोबा, निकाल तुम्हांला आवडणार नाही. ते गांवचे दोघे एकमेकांशी जुळतात. आपण त्यांच्याशी नाही. आपल्या पाच घरांत तीन वेगवेगळे पुरुष आहेत. तुम्ही आणि नटराजकाका एका वहीचे, पण ती वही गांवची नव्हे. कोठें तरी दत्तक आले असतील. वाईट वाटून घेऊं नका, सगळ्या घरांत असतं."

मी म्हणालो, "म्हणजे इथे दिवटे कोणीच नाही."

"आहे ना. सहावे जुळतात. एका चुकीचा फरक सोडला तर अगदी गांवचेच. ते कोण?"

मी सांगितलं, सहावी नळी रिकामी होती.

तिने तिकडे कागद चाळले. मग म्हणाली, "रिकामी नव्हती. सगळ्यांत चांगला नमुना तोच. तुमचा थोडा वाळला होता. तो मात्र ताजा, जसा सकाळीच घेतलेला. वर नांव पण आहे. आपल्यांत तें नांव कोणाचं नाही, फोटो पाठवतें."

फोटो आला. मी चष्मा पुसून पाहिला.

चिठ्ठीवर आधी एक लांब आडवी रेघ ओढलेली होती, अगदी या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिच्याखाली, दोरीवर कपडे टांगावेत तशी, चार अक्षरं. नामदेव. पुढची अर्धी रेघ मोकळी होती. तिच्याखाली काही नव्हतं.

ते अक्षर मीच शिकवलेलं होतं.

वेंकूबाई आमच्या घरी अप्पळम, म्हणजे पापड, लाटायला यायची. विधवा होती. तिचा मुलगा नामदेव माझ्या पहिल्या वर्गात बसला, तेव्हा तो नऊ वर्षांचा. मुलं अक्षर लिहून मग वर रेघ देतात. हा आधी रेघ ओढायचा, मग अक्षरं टांगायचा. पहिल्या रविवारी त्याने लिहिलं, नामदेव दिवटे. माझे वडील आतून आले, वहीत डोकावले आणि म्हणाले, "हें आपल्यांतले नव्हेत. वाड्यावरच्या चाकरांनी नांव उचललं." मी तांबड्या शाईने आडनाव खोडलं. पुढच्या रविवारी त्याने पुन्हा लिहिलं. मी पुन्हा खोडलं. मी कधी मारलं नाही, आवाज चढवला नाही. शांतपणे, न चुकता, वर्षभर खोडलं. मी फार सोशिक शिक्षक आहे असं सगळे म्हणतात.

शेवटी तो नुसतं नामदेव लिहू लागला. पण रेघ मात्र पूर्ण नावाएवढीच ओढायचा.

तो पुढे ओरत्तनाडूला शिंपी झाला. २००९ मध्ये माझी वंशावळ हाताने लिहून पूर्ण झाली, तेव्हा तो बसने आला होता. ओट्यावर बसला नाही, खालीच उभा राहिला.

"सर, एक ओळ जागा असेल तर बघा. अम्माचं नको. अप्पाचं आणि माझं."

"पुरावा काय, नामदेव?"

"पुरावा कोठून आणूं, सर? अप्पा सांगत, तेवढंच."

"पुराव्याशिवाय मला लिहितां येणार नाही."

त्याने माझ्या हातातल्या वंशावळीच्या वहीकडे पाहिलं. "सरी," तो म्हणाला. "आणीन तेव्हां लिहा."

तीन वर्षांपूर्वी तो वारला. लग्न केलं नव्हतं. मी गेलो नाही. त्या दिवशी वर्ग होता.

संध्याकाळी साईप्रियाने पुन्हा विचारलं, "कोणाचं नांव आहे, आजोबा?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "काही तरी मिसळलं असेल. ती नळी टाकून दे. पांचांचं पण कोणाला सांगूं नको."

"टाकायची?"

"टाक."

तिने वाद घातला नाही. पण फोन ठेवण्याआधी म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत, वही फाडून चूक जात नाही."

आठ दिवसांनी छापखान्यातून पुस्तकाची कच्ची पानं आली. पहिल्या पानावर माझं नाव हवं होतं. तिथे वैद्यनाथ होतं आणि पुढे नुसती काळी रेघ. मी फोन केला. तिकडचा मुलगा तमिळमध्ये म्हणाला की फॉन्टची भानगड आहे, त्याच्या पडद्यावर सगळं बरोबर दिसतं. आतल्या दोनशे चौदा नावांत बाकी कुठे दोष नव्हता. त्याने पान पुन्हा छापून पाठवलं. तसंच होतं.

पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेलो. सही केली. काउंटरवरची बाई कागद उलटा करून माझ्याकडे सरकवत म्हणाली, "सही पूर्ण करा, सर." मी पूर्ण केली होती. मला दिसत होती. ती मान वाकडी करून माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने अंगठा घेतला.

घरी येऊन मी माडीवरची ट्रंक उघडली. पहिल्या वर्गाच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. नामदेवची वही तळाशी होती, कोपरे झुरळांनी खाल्लेले. माडीवर दुपारचं ऊन होतं, स्वच्छ दिसत होतं.

एकाही पानावर तांबडी रेघ नव्हती.

पानामागून पान, रविवारमागून रविवार, नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताने, नामदेव दिवटे. कुठे खाडाखोड नाही, शाईचा डागसुद्धा नाही. ज्या पानांवर त्याने आडनाव लिहिणंच सोडून दिलं होतं, त्या पानांवरही ते होतं.

मी वही मांडीवर घेऊन बसलो. वंशावळ शेजारीच होती. पेन खिशात होतं. पहिल्या पुरुषाच्या खाली डाव्या हाताला जागाही होती, मी सोळा वर्षं ती मोकळी पाहत आलो होतो. दोन नावं लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी नटराजचा विचार केला. त्याची नात भुवना, जी माझ्या वर्गात सर्वांत सुंदर अक्षर काढते, तिचा केला. पोंगलला येणाऱ्या साठ माणसांचा केला. मग मनाशी म्हणालो की हा सगळा म्हातारपणाचा खेळ आहे, आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

खालून भुवनेश्वरीने हाक मारली, "मामाजी, काप्पी निवते." मी ट्रंक बंद करून उतरलो.

दुसरा दिवस रविवार. मार्गळीचं, म्हणजे पोंगलआधीच्या महिन्याचं, गार ऊन ओट्यावर आलं होतं. गल्लीत सकाळच्या कोलमच्या, रांगोळीच्या, पांढऱ्या रेघा पायांनी पुसट झाल्या होत्या. नऊ मुलं बसली. भुवना पुढे, मांडीवर वही.

मी खडू घेतला आणि नेहमीसारखं नाव लिहिलं. वळलो.

मुलं लिहीत होती. मी वह्या पाहत फिरू लागलो. भुवनाने आधी पानभर आडवी रेघ ओढली होती. तिच्याखाली लिहिलं होतं, वैद्यनाथ. पुढे काही नाही. खालच्या ओळीत तिचं नाव, पूर्ण, आडनावासकट.

"असं कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"तुम्हीच, सर."

मी पुढची वही पाहिली. तिच्या पुढची पाहिली. सगळ्यांची तशीच. एकाच जागी एकच चूक.

मी फळ्याकडे पाहिलं.

रेघ लांब होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी तशी कधी ओढत नाही.

"थांबा," मी म्हणालो. "सरांचं राहिलंय."

मी खडू टेकवला आणि मोकळ्या रेघेखाली सावकाश, गिरवून, आडनाव लिहू लागलो. खडू घासल्याचा आवाज येत होता. बोटांवर पांढरा भुगा पडत होता.

मुलं पेन्सिली उचलून वाट पाहत होती. माझा हात थांबला तशी सगळ्यांनी एकदम वर पाहिलं, फळा नीट वाचला, आणि मग एकेकाने वही मिटली. उतरवून घेण्यासारखं नवीन काही नव्हतं.