अकरा ओळींची फाईल

सर्वांसाठी म्हणून उघड्यावर ठेवलेली वस्तू नाहीशी होते, तेव्हा संशय सर्वांवर समान पडतो. अशा वेळी शोधकाने बुद्धी तीक्ष्ण ठेवावी, पण अंतःकरण मृदू. कारण अपराधाच्या मुळाशी नेहमी लोभच असतो असे नाही.

दृष्टिहीनांच्या ग्रंथालयात शुक्रवारी नवी यंत्रे आली. पुस्तके मोठ्याने वाचून दाखवणारे ‘वाचक’ हे मुक्त सॉफ्टवेअर त्यांवर उभे राहीना. त्याचा सोर्स, म्हणजे मूळ आज्ञावली, कोणीही घ्यावा आणि आपल्या यंत्रावर बिल्ड करावा, म्हणजे त्यातून चालता प्रोग्राम बांधून घ्यावा, अशी व्यवस्था होती. बिल्ड मात्र निम्म्यावर थांबे: एक फाईल सापडत नाही.

तेथील तंत्रज्ञ बाईंच्या नजरेतून दोष सुटत नसे. ग्रंथपाल त्यांना फौजदारबाई म्हणत.

“फौजदारबाई, सोमवारी श्रवणकक्ष सुरू झाला नाही तर ती खोली गोदामाला जाणार. वरून पत्रच आलंय.”

“‘वाचक’ लिहिणाऱ्या काकांना चार मेल केल्या. उत्तर नाही.”

“नव्या प्रोसेसरला पचत नसेल.”

“तो निर्दोष आहे. ‘वाचक’ वापरणाऱ्यांची मेलिंग लिस्ट वाचली, सगळ्यांना दिसणारा पत्रव्यवहार. तीन वर्षांत एकेचाळीस जणांची हीच तक्रार, आणि यंत्रं नाना तऱ्हेची, जुनीसुद्धा.”

“मग त्यांचं कसं सुटलं?”

“काका ज्याच्या त्याच्या यंत्रापुरती फाईल खासगीत पाठवायचे. लिस्टवर नुसते आभार दिसतात. हे बघा: ‘फाईल मिळाली, काका. आईचा गुडघा बरा आहे, विचारल्याबद्दल आभार.’”

“पूर्वी होती का ती फाईल?”

“होती. जुन्या आवृत्तीतून काढली मी, पण तिच्यातल्या यंत्रांच्या यादीत आपलं यंत्रच नाही. काकांनीच ती वगळली. बदलाच्या नोंदीत कारण लिहिलंय, ‘जागा वाचवण्यासाठी’. सगळी फाईल अकरा ओळींची.”

“माझा रजेचा अर्ज त्याहून मोठा असतो.”

“आणि त्याच्या आठ दिवस आधी त्यांनी कळवलंय: पत्नी वारल्या, उत्तरं उशिरा येतील.”

“मग आली उशिरा?”

“नाही. त्यानंतरच दहा मिनिटांत यायला लागली.”

शनिवारी सकाळी सोर्सबरोबर दिलेल्या पत्त्यावर त्या पोहोचल्या. काकांनी डाव्या हाताने दार उघडले. उजवा प्लास्टरमध्ये होता. बाईंनी ग्रंथालयाचे नाव सांगितले. खोलीत दोन खुर्च्या. एकीवर छापलेल्या मेलींचा गठ्ठा होता. तो उचलल्यावाचून दुसऱ्या माणसाला बसता येत नव्हते.

“हाताला काय झालं?”

“ओट्यापाशी घसरलो. डाव्या हातानं एकेक अक्षर शोधत बसतो. तुझं उत्तर अर्धं झालंय, पोरी.”

“तुमच्या यंत्रावर बिल्ड थांबतं का?”

“कधीच नाही.”

“कारण ती फाईल तुमच्या खासगी फोल्डरमध्ये आहे.”

काकांनी डाव्या हाताने गठ्ठा उचलून मांडीवर घेतला.

“चूक असती, तर पहिल्या तक्रारीलाच दुरुस्त झाली असती,” फौजदारबाई हळूहळू म्हणाल्या. “तुम्ही एकेचाळीस वेळा उत्तर दिलंत, आणि एकदाही फाईल जागेवर ठेवली नाहीत. अकरा ओळींनी जागा वाचत नाही. काकू गेल्या आणि आठ दिवसांत ती गेली. प्रत्येकाला तुम्ही घरचं विचारलंत. फाईल तुम्ही लपवलीत, काका. लोकांनी लिहावं म्हणून.”

“सगळं नीट चाललं की कोणी लिहीत नाही, पोरी,” काका म्हणाले. “ही गेल्यावर घरात माझाच आवाज मला दचकवायचा. बिल्ड अडलं की कुणीतरी हाक मारायचं.”

“तिकडे वीस माणसांची ऐकायची खोली बंद होतेय.”

“मला ठाऊक नव्हतं.”

“कुणीतरी अडणार, एवढं ठाऊक होतं.”

त्यांनी मान खाली घातली. मग बाईंसाठी संगणकापुढे खुर्ची ओढली. ते सांगत गेले, बाई टंकत गेल्या. नव्या यंत्राची बारावी ओळ जोडली गेली आणि फाईल सर्वांच्या सोर्समध्ये परत गेली. नोंदीत कारणाच्या जागी काकांनी सांगितले, “लिही. ‘जागेसाठी काढली नव्हती. मी एकटा होतो. क्षमा असावी.’”

“असंच लिहू? सगळे वाचतील.”

“वाचू देत.”

तासाभराने ग्रंथपालांचा फोन आला. बिल्ड पूर्ण झाले होते. त्यांच्या मागे ‘वाचक’ पहिले पान वाचत असल्याचे ऐकू येत होते.

“आता कोण लिहील?” काकांनी विचारले.

बाईंना खोटे बोलवेना. “ठाऊक नाही, काका,” त्या म्हणाल्या, आणि शेवटची बस चुकणार नाही इतका वेळ बसून राहिल्या.

श्रवणकक्षातील वीस जणांच्या कानी ग्रंथ अखंड पडोत. आणि दुसऱ्यांच्या अडचणीत ज्याने सोबत शोधली, त्याला कोणतीही अडचण नसलेले एक पत्र येवो.