डाव्या पायाखाली

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाले तेव्हा मी परळच्या एका इस्पितळात भूल देणारी डॉक्टर होते. नाव मृणालिनी तळपदे. गिरगावातलं आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या कारकुनांचं. शस्त्रक्रियेच्या खोलीत उभी राहणारी घरातली मी पहिलीच. मज्जातंतू आणि त्यांच्यावर चालणारी औषधं हा माझ्या आवडीचा विषय होता. आख्ख्या माणसाला झोपवणं तितकंसं अवघड नाही. हाताचं एकच बोट झोपवायचं आणि शेजारचं जागं ठेवायचं, यात मला खरी गंमत वाटायची.

त्या दिवसांत आलेल्या जखमींत राजाराम जाधव होता. तिशीतला, डिलाईल रोडच्या चाळीत राहणारा, गिरणीत सूतकताईच्या रिंग खात्यात काम करणारा. मोर्चात नव्हता. पाळी सुटल्यावर घरी जाताना गर्दी पाहायला थांबला आणि गोळी डाव्या गुडघ्याच्या वर लागली. रक्तवाहिनी फाटली, पाय काळा पडत गेला, आणि आमचे मुख्य सर्जन डॉ. धैर्यवान यांनी तो मांडीतून कापला. भूल मी दिली होती.

जखम चांगली भरली. पण उन्हाळा आला तरी त्याला घरी सोडता येईना, कारण पाय दुखत होता. जो नव्हता तो.

मला त्याचं नवल नव्हतं. पुस्तकांत हे सगळं होतं. मी त्याला घंटेचं उदाहरण देऊन समजावलं. दाराबाहेर बटण, घरात घंटा, मधे तार. तार मधेच तुटली आणि तिची टोकं एकमेकांना घासू लागली, तरी घंटा वाजते, आणि घरातल्या माणसाला वाटतं दाराशी कुणी आलंय. मेंदू म्हणजे तो घरातला माणूस.

राजारामने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खरं असेल बाई. पण बोटं गार पडलीत. खाली चिखल आहे."

कसला चिखल, ते मी विचारलं. वर पातळ पापुद्रा आहे, पायाखाली कुरकुरत मोडतो, त्याच्या आत गार गाळ, आणि मीठ लागावं तसं चुरचुरतं, असं त्याने सांगितलं.

वॉर्डात रामदास नावाचे जुने कामगार होते. कापलेले अवयव कुठे जातात, असं मी त्यांना सहज विचारलं. म्युनिसिपालटीची गाडी नेते, ते म्हणाले, वडाळ्याकडे मिठागरांच्या कडेला मोकळी जमीन आहे तिथे पुरतात. राजारामसमोर कुणीतरी हे बोललं असणार, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं.

दुखणं थांबवायला आम्ही आधी मॉर्फिन दिलं. ते वेदना अडवत नाही. वेदना मेंदूपर्यंत जाते, पण मेंदूला तिचं काही वाटेनासं होतं. राजाराम म्हणाला, दुखतंय तेवढंच, पण दुसऱ्या कुणाचं दुखतंय असं वाटतं. मॉर्फिनची सवय लागते, म्हणून मग मी प्रोकेनकडे वळले. मज्जातंतूत निरोप पुढे सरकतो तो मिठाच्या कणांच्या आतबाहेर जाण्याने, आणि प्रोकेन त्यांची दारंच बंद करतं. दारं बंद, की निरोप बंद. औषध उतरेपर्यंत राजारामला खरोखरच एकच पाय असायचा, आणि तेवढ्या वेळात तो लहान मुलासारखा झोपून घ्यायचा.

मे महिन्यात एका सकाळी तो म्हणाला, "बाई, पाय चाललाय."

चिखल संपला होता. आता खडी लागत होती, टोकदार, तेलकट, आणि मधेमधे लाकडाच्या फळ्या. माझ्या डोळ्यांसमोर रेल्वेचं यार्ड आलं. त्याने तसं काही म्हटलं नव्हतं. चाल सावकाश होती. पाऊल टेकायचं, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टेकायचं.

मला भीती वाटली नाही. मला उत्सुकता वाटली, आणि ती मी लपवली नाही. मेंदूत शरीराचा नकाशा असतो, तसाच या माणसाच्या मेंदूने मुंबईचाही एक नकाशा काढला असेल आणि नसलेला पाय त्यावरून फिरत असेल, अशी माझी समजूत होती. ती पडताळून पाहायची सोपी युक्ती माझ्या हातात होती. तो खडीवर असताना मी प्रोकेन दिलं. नस झोपली. नसेच्या टोकाकडून येणाऱ्या निरोपांवरून मेंदूच हे चालणं रचत असेल, तर औषध उतरल्यावर पाय निदान त्याच जागी सापडायला हवा होता.

औषध उतरलं तेव्हा राजाराम म्हणाला, खाली डांबर आहे, तापलेलं.

मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच झालं. मी दारं बंद करत होते तेवढ्या वेळात पाय पुढे गेलेला असायचा.

राजारामची बायको चंपा गिरणीतच, सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग खात्यात होती. पाळी संपवून ती भेटीच्या वेळेला यायची, डबा उघडून त्याला जेवू घालायची, त्याच्याकडून पायाची हकिकत ऐकायची. तिने एकदा मला जिन्यात गाठून विचारलं की ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय का. नाही, मी म्हणाले, डोकं शाबूत आहे. वेडे झाले असते तर बरं होतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलून ती निघून गेली.

पुढच्या आठवड्यात राजारामने सांगितलं की पाय कापडावर आहे. ओलं कापड, गार, गुळगुळीत, पुष्कळ लांब. असं रस्त्यात कोण अंथरेल, याचं त्यालाच कोडं पडलं होतं. वडाळ्याहून परळकडे येताना कापड कुठे लागेल याचा विचार करत मी दुपारीच बाहेर पडले आणि हिंदमाताच्या कापडबाजारात गेले.

एका दुकानाच्या माळ्यावर पाण्याचा नळ फुटला होता. भिजलेले मांजरपाटाचे तागे उलगडून फुटपाथवर वाळत घातले होते. दुकानदार वैतागून एका नोकराला बोलत होता, कारण कुणीतरी त्यावरून चालत गेलं होतं. मी वाकून पाहिलं. करडे ठसे होते, पुरुषाच्या अनवाणी पावलाचे, कडेला वाळलेली पांढरी रेघ. सगळे डाव्या पायाचे. दोन ठशांमधे दोन पावलांचं अंतर होतं, आणि जिथे उजवं पडायला हवं तिथे कापड स्वच्छ. कुबडीची खूणही नव्हती.

"लंगडी घालत गेलं असेल कुणी टवाळ," दुकानदार म्हणाला.

लंगडी घालणाऱ्याचा ठसा टाचेला पुसट आणि चवड्याला खोल उमटतो. हे ठसे शांतपणे चालणाऱ्याचे होते. मी चप्पल काढून माझं पाऊल शेजारी धरून पाहिलं. का, ते मला सांगता येणार नाही. कापड माझ्या तळव्याला गार लागलं, गुळगुळीत लागलं.

त्यानंतर ट्रामचा रूळ लागला. दगडी फरशी, मग लोखंडाची गार पट्टी, मग पुन्हा दगड. पाय इस्पितळाच्या रस्त्याला आला होता. राजाराम त्या सकाळी पलंगावर उठून बसला, केस विंचरले, धुतलेला सदरा मागून घेतला. तो वाट पाहत होता हे माझ्या लक्षात आलं. मी खिडकीशी उभी राहिले. खाली नेहमीची वर्दळ होती. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देत एक लहानसा मोर्चा लालबागकडे चालला होता, लोक पाहायला थांबले होते.

"फाटकापाशी थांबलाय," राजाराम मागून म्हणाला.

फाटकापाशी काही नव्हतं. फक्त गर्दी तिथे जराशी फाकत होती. खड्ड्याला वळसा घालावा तसे लोक खाली न बघता त्या जागेला वळसा घालून जात होते.

मग तो वळसा मिटला. लोक सरळ चालू लागले.

राजारामने सदऱ्याची वरची बटणं सोडली. "मला न्यायला आला नाही," तो म्हणाला. "घरी चालला."

पाय करीरोडचा पूल चढून उतरला. चाळीच्या जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्या राजारामने लगेच ओळखल्या. आपल्या खोलीचा उंबरा लागला तेव्हा त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. आणि त्या दिवसापासून चालणं थांबलं आणि दुखणं दुपटीने परत आलं. बोटं आत वळतात, तळव्याला पेटके येतात, कुणी पीळ देतंय असं होतं. प्रोकेन पुरेनासं झालं. त्याने जेवण सोडलं. हाडांचा सापळा झाला.

धैर्यवानांनी निर्णय घेतला. मणक्यातून निघणाऱ्या नसांच्या मुळाशी शुद्ध अल्कोहोल सोडायचं. प्रोकेन नसेला झोपवतं, अल्कोहोल मारतं. यात परत येणं नाही. माणूस जगवायचा होता, आणि दुसरा उपाय मलाही दिसत नव्हता.

सुई भरताना राजारामने मला विचारलं, "नस मेली की तो कुठे आहे ते मला कळणार नाही?"

"नाही."

"त्याला कळेल?"

मी त्याला कुशीवर वळवलं आणि सुई घातली.

तो दोन घास जेवला, झोपला, आणि पावसाळा संपता संपता कुबड्यांवर चालत घरी गेला. जाताना हसत होता. पाय तुटला, विषय संपला, असं रामदासांना म्हणाला.

पुढच्या साली निवडणुकीच्या धामधुमीत चंपा एक दिवस इस्पितळात मला शोधत आली. घरी येऊन जाल का, एवढंच म्हणाली. सोबत सुईचं सामान घ्या. ह्यांना दुखतंय का, असं मी विचारलं. नाही, ह्यांना काही नाही.

दुपारचं ऊन चाळीच्या भिंतींवर होतं आणि भिंती प्रचाराच्या अक्षरांनी रंगल्या होत्या. राजाराम गॅलरीत खुर्ची टाकून चारचौघांत निवडणुकीवर बोलत होता. अंगाने भरला होता. मला पाहून त्याने आनंदाने हात जोडले, चंपाला चहा टाकायला सांगितलं. चंपाने मला आत घेतलं, दार ओढून घेतलं आणि स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं.

खोली नीटनेटकी होती. देवांच्या कोनाड्यात आता देव नव्हते, बुद्धाचं छापील चित्र होतं. भिंतीशी एक गोधडी घडी करून ठेवली होती. चंपा तिच्याशेजारी बसली.

"ह्यांना सांगितलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ता कुठे झोप लागायला लागलीय. आता सगळं दुखणं त्याच्यावरच आलंय. दुपारी फार वळतात बोटं."

बोलता बोलता तिचे हात गोधडीच्या वर, वीतभर उंचीवर, काहीतरी दाबत होते. दोन्ही अंगठे टाचेकडून चवड्याकडे जात होते, पुन्हा मागे येत होते. मी तिचे अंगठे पाहत होते. त्यांची टोकं दाबल्याने पांढरी पडत होती.

"तुमचं ते झोपवायचं औषध ह्याला द्या," चंपा म्हणाली. "मारायचं नको."

मी पिशवी उघडली. प्रोकेन भरलं. घोट्याच्या मागून जाणारी नस तळव्याला जागं ठेवते. ती कुठे असेल ते मी विचारलं आणि चंपाने बोटाने जागा दाखवली. बाहेर कुणीतरी मोठ्याने हसलं. चहाचं पाणी उकळायला लागलं होतं.

हवेत सोडलं तर सुईचा दट्ट्या सरकन जातो. मांसात तो अडतो, अंगठ्याला जोर द्यावा लागतो. हे हाताला कळतं, बघावं लागत नाही.

दट्ट्या अडला.

मी जोर दिला. औषध सावकाश संपलं. मी सुई काढली आणि गोधडीवर हात फिरवून पाहिला. ती कोरडी होती.

चंपाचे हात हळूहळू थांबले. "किती वेळ निजेल?" तिने विचारलं.

तासभर, मी म्हणाले. आणि तोवर तिथे दाबू नका, सुईची जागा दुखते.