लाल दोरीचा गठ्ठा

"दौलतराव, गठ्ठा गेला!"

सोमवारी सकाळी सव्वानऊला कांता मॅडमचा फोन आला, तेव्हा दौलत राणे टॉवरच्या गेटवर गाड्यांचे नंबर तपासत होता.

"कसला गठ्ठा?"

"मानव संसाधनचा. तुमच्या असाइनमेंटा, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. कपाट उघडलं तर जागा रिकामी. तुम्ही सिक्युरिटीवाले. पोलिसांत जायच्या आधी एकदा येऊन बघा."

दौलतला पहिल्यांदा काय वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. त्याला बरं वाटलं.

परळच्या एका शाळेत दर रविवारी दूरशिक्षणाचं एमबीए चालायचं. दौलत अठ्ठेचाळीसचा, टॉवरचा सिक्युरिटी सुपरवायझर. डिग्री मिळाली की मॅनेजर करू, असं सोसायटीनं सांगितलं होतं. काल रविवारी सकाळी केंद्रप्रमुख कांता मॅडमनी वर्गात विद्यापीठाचं पत्र वाचून दाखवलं. यंदा केंद्राच्या मार्कांवर भागणार नाही. सगळे गठ्ठे बुधवारी विद्यापीठात जाणार, बाहेरचा परीक्षक ते पुन्हा वाचणार.

दौलतला ते परवडणारं नव्हतं. कारण त्याची असाइनमेंट त्यानं लिहिलीच नव्हती. ती लिहिली होती लालबागच्या चाळीतल्या नानांनी. नाना म्हणजे मिलमधले जुने टाइमकीपर, वय ब्याऐंशी, अक्षर मोत्यासारखं. बदल्यात दौलतनं त्यांना दोन वेळा बांगडे नेऊन दिले होते. वरच्या पानावर सही केली आणि गठ्ठ्यात टाकली. आतलं एक अक्षर वाचलं नाही. व्यवस्थापन शिकायला निघालेल्या माणसानं सगळ्यात आधी व्यवस्था लावली ती स्वतःच्या लबाडीची.

---

शाळेच्या स्टाफरूमबाहेर स्टुलावर शिपाई भिवा बसला होता. कफ परेडच्या मच्छीमार नगरातला कोळी, पंचावन्नचा. त्याला आत यायची बंदी झाली होती.

"कपाटाला दोनच चाव्या," कांता मॅडम म्हणाल्या. "एक माझ्या पर्समध्ये. दुसरी भिवाची, त्या खिळ्याला. कुलूप फोडलेलं नाही. मग कोण?"

"काल या खोलीत कोण कोण होतं?"

"मी. उन्मेष सर. आणि तुमच्या वर्गातली मनाली, हजेरीपट द्यायला आली होती. एक ते दोन मी जेवायला गेले."

दौलतनं कपाट पाहिलं. वित्त आणि विपणन, दोन्ही गठ्ठे जागेवर. मानव संसाधनची मार्कांची यादीही जागेवर. गेल्या होत्या फक्त असाइनमेंटा.

"गठ्ठ्यांवर विषय लिहिलेला नाही?"

"गरजच काय? दोन वर्षांपूर्वी मीच भिवाला रंग ठरवून दिले. वित्त हिरवी दोरी, विपणन पिवळी, मानव संसाधन लाल. तो बांधतो, मी दोरी बघून काढते."

दौलतनं हिरवी दोरी हातात घेतली. गाठ होती बुटाच्या नाडीसारखी, ओढली की सुटणारी. पिवळीचीही तशीच.

तो बाहेर आला. "भिवा, गठ्ठे कधी बांधलेस?"

"शनवारी."

"गाठ कसली मारतोस?"

"जाल्याची. दुसरी मना येत नाय." भिवानं मान वर केली. "दौलतभाऊ, मी नाय नेला. एकवीरा आईची शपथ. रद्दी नेऊन मी काय करनार?"

"चावी दिवसभर खिळ्यालाच होती?"

"रोजचीच जागा ती. मी एक वाजता खाली पंप लावायला गेलो."

आतून मॅडमचा आवाज आला, "दौलतराव, त्याची पिशवी बघून घ्या."

दौलतला तेव्हाच ठाऊक होतं की चोर भिवा नाही. गाठ बघून कळलं होतं. तरी त्यानं पिशवी तपासली. डबा उघडला. भाकरी, सुक्या बोंबलाचा तुकडा. भिवा भिंतीकडे बघत उभा राहिला.

"काही नाही," दौलत म्हणाला.

"म्हणजे घरी नेला असेल," मॅडम म्हणाल्या. "बुधवारी सकाळपर्यंत आला नाही, तर पोलीस आणि नोकरी बंद."

तोंड उघडायची हीच वेळ होती. दौलत म्हणाला, "बघतो." गठ्ठा सापडला तर भिवा वाचणार होता आणि दौलत बुडणार होता.

---

मनालीला त्यानं दुपारी फोनवर गाठलं. दादरच्या एका बँकेत ती कॅशियर होती.

"रविवारी स्टाफरूममध्ये तू नुसता हजेरीपट द्यायलाच गेली होतीस?"

"काका, प्लीज."

"बोल."

"माझी असाइनमेंट परत द्या म्हटलं. पुन्हा लिहून देते. मॅडम नाही म्हणाल्या."

"का पुन्हा?"

मनालीनं आवाज खाली आणला. "का ते तुम्हाला माहितीये. नानांकडे जिन्यात आपण भेटलोय. अकरा जण आहोत आपण."

दौलतनं फोन ठेवला.

संध्याकाळी उन्मेष सर शाळेत भेटले. मानव संसाधन तेच शिकवायचे आणि तेच तपासायचे. अडतिशीचे, इस्त्रीतले, विद्यार्थ्यांना सरसकट अरे-तुरे.

"काल एक ते दोन तुम्ही कुठं होतात, सर?"

"अरे वा, माझीही झडती? इथंच होतो, डबा खात. आणि एवढं टेन्शन कशाला घेतोस? मार्कांची यादी शाबूत आहे ना? ती पाठवू. गठ्ठा हरवला, शिपायाचा निष्काळजीपणा, असं पत्र जोडू. कोणाचं वर्ष जाणार नाही."

"आणि भिवा?"

"त्याला काय, कुठंही झाडू मिळेल. तुझं बघ. सव्वीस दिलेत तुला, तिसातले. तो शेवटचा प्रश्न, 'तुमच्या कामाच्या ठिकाणचा एक प्रसंग'. टॉवरमधल्या चोरीचं काय लिहिलंयस रे! एकदम अनुभवाचे बोल."

दौलत लाजेनं खाली बघत राहिला. टॉवरमध्ये चोऱ्या झाल्या होत्या, खरं. पण नानांना ते त्यानं कधी सांगितल्याचं आठवेना.

---

मंगळवारी कामावरून सुटल्यावर तो लालबागला गेला. नाना खिडकीशी बसून भिंगातून पेपर वाचत होते.

"नाना, माझ्या असाइनमेंटीत शेवटचा प्रसंग कसला लिहिलात?"

"वाचूक नाय तू?"

दौलतनं नकारार्थी मान हलवली.

"माका जा म्हायत, ताच लिवलंय. मिलचो."

"मिलचा? नाना, मिल बंद होऊन जमाना झाला. तिथं आता आमचा टॉवर आहे!"

"माका काय टॉवर ठावक हा? अकराय जणांचो एकच प्रसंग लिवलंय. गेटवरचो." नानांनी भिंग खाली ठेवलं. "तुझ्या बापाशीचो."

बापाला मिलच्या गेटवर पकडलं होतं, एवढंच दौलतला माहीत होतं. कापड चोरल्याचा आळ. दिवसभर उन्हात गेटपाशी उभं केलं होतं, येणारा-जाणारा बघत होता. नंतर बाप त्याबद्दल कधी बोलला नाही.

"कापड जॉबरान, म्हंजे मुकादमान, नेल्यान," नाना म्हणाले. "मी बगलंय माज्या डोळ्यांनी. बोललंय नाय. नोकरी जायत म्हणान. तुझ्या बापाशीक तोंड दाखवूक माका आजून लाज वाटता, आणि तो मेलोसुदा. म्हणान अकरा येळा लिवलंय. म्हटलंय, एक तरी कोण वाचीत."

दौलत जिन्यात येऊन कठड्याला टेकला. चोर कोण ते त्याला कळलं होतं. आणि ते सिद्ध करायला जगात एकच पुरावा होता: त्याची स्वतःची लबाडी.

---

बुधवारी सकाळी कांता मॅडमनी सगळ्यांना स्टाफरूममध्ये बोलावलं. वीस-बावीस जण आले. भिवा दाराशी, बाहेरच. उन्मेष सर टेबलापाशी, यादी आणि पत्र हातात घेऊन.

दौलत उभा राहिला.

"भिवानं गठ्ठा नेलेला नाही. तो कोळी आहे, जाळ्याची गाठ मारतो. पण हिरव्या-पिवळ्या गठ्ठ्यांना नाडीची गाठ आहे. म्हणजे चोरानं तेही सोडून पाहिले आणि पुन्हा बांधले. भिवाला सोडायची गरज नव्हती. कांता मॅडमनाही नव्हती. त्यांना रंग पाठ होते. चोराला रंग माहीत नव्हते."

"मग विद्यार्थ्यांपैकी कोणी," उन्मेष सर म्हणाले. "ज्यानं कोणाकडून तरी लिहून घेतलं असेल असा."

"तसं असतं तर त्यानं आपली एक असाइनमेंट काढून नेली असती. वर नाव असतं. त्रेचाळीसचं ओझं कशाला नेईल? सगळ्या लपवायच्या होत्या, याचा अर्थ खोट सगळ्यांत होती. त्रेचाळीस जणांत सामाईक काय? तपासणारा."

सगळ्या माना उन्मेष सरांकडे वळल्या.

"मूर्खासारखं बोलू नकोस," सर म्हणाले. "मी एकूण एक पेपर वाचलाय."

"मनालीनं शेवटचा प्रसंग कुठला लिहिलाय, सर?"

"तिचा... बँकेतला. कॅश काउंटरवरच्या भांडणाचा."

"आणि माझा?"

"सांगितला ना परवा. टॉवरमधल्या चोरीचा."

दौलतनं एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "माझी असाइनमेंट मी लिहिलेली नाही. लालबागच्या एका म्हाताऱ्या माणसानं लिहिलीये. तिच्यात टॉवर नाही. मिलच्या गेटवर एका निर्दोष कामगाराला चोर म्हणून उभं केलं, तो प्रसंग आहे. अशा अकरा आहेत, एकाच अक्षरात. अकरा जण बंद मिलमध्ये कामाला आहेत, सर. तुम्हाला एकदाही आश्चर्य वाटलं नाही?"

"हा खोटं बोलतोय," सर म्हणाले. "स्वतःला वाचवायला."

"यात वाचतोय कुठं मी?"

मागून मनाली उठली. रडतच होती. "सर, माझ्यातही मिलच आहे. मीही नाही लिहिली."

मग एक उठला. मग आणखी दोघं.

"आत एकही लाल खूण नसेल, मॅडम," दौलत म्हणाला. "नोकरी बघून प्रसंग ओळखायचा आणि वरच्या पानावर मार्क टाकायचे. बाहेरच्या परीक्षकानं पहिलं पान उलटलं असतं तरी कळलं असतं. म्हणून गठ्ठा गेला आणि यादी राहिली. एक ते दोन या खोलीत एकटे सर होते, आणि चावी खिळ्याला."

कांता मॅडमनी उन्मेष सरांकडे पाहिलं. सरांनी हातातलं पत्र दुमडलं, मग पुन्हा दुमडलं.

"कुठं आहे?" मॅडमनी विचारलं.

"घरी. दादरला. माळ्यावर."

---

दुपारी गठ्ठा आला. मॅडमनी अहवाल लिहिला. सरांचं नाव वर, खाली अकरा नावं, त्यात पहिलं दौलत राणे. अकराजणांना पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं होतं. मॅनेजरची खुर्ची तोवर थांबणार नव्हती. मॅडम भिवाला "आत ये" म्हणाल्या. माफी मागितली नाही.

भिवानं लाल दोरी घेतली. गठ्ठ्यात सगळ्यात वर दौलतचीच असाइनमेंट होती, नानांचं मोत्यासारखं अक्षर.

"गाठ तू सोमवारीच पायली ना?" भिवानं खालच्या मानेनं विचारलं.

"हो."

"पिशवी उघडायच्या आधी?"

"आधी."

भिवा गठ्ठ्यावर वाकला. दोरीचा एक वेढा घेतला, दुसरा घेतला.

"हितं बोट ठेव."

दौलतनं दोरीवर बोट ठेवलं. भिवानं दोन्ही टोकं खेचली. बोट दोरीत आवळलं गेलं, टोक पांढरं पडलं. भिवानं दोरी तशीच ताणून धरली आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघितलं.

दौलतनं बोट काढून घेतलं नाही.