कार्डावर नसलेली ओळ

बाई रडत आल्या नाहीत, हे ताईला सगळ्यात आधी आवडलं. तिच्याकडे येणारी माणसं एक तर रडत येतात, नाही तर भिंतीला कान असल्यासारखी कुजबुजतात. या बाईंनी खुर्ची ओढली आणि ठणकावून सांगितलं, "उद्या दुपारी समितीसमोर मी माझा अहवाल मागे घ्यावा आणि माफी मागावी, असा हुकूम आहे. दोन्हीपैकी मी काहीही करणार नाही. फक्त मी खरी आहे हे दाखवायचं कसं, ते मला सुचत नाहीये."

ताई खाजगी तपासाचं काम करायची. शेजारच्या खुर्चीत नेहमीप्रमाणे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा बसला होता. हे भावोजी विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि घरात बायकोच्या पायापायात येत होते, म्हणून मेहुणीच्या कचेरीत येऊन बसायचे. ते स्वतःला तिचे साहाय्यक म्हणवायचे. ती त्यांना चहाचा खर्च म्हणायची.

बाईंनी निम्मं आयुष्य प्राथमिक शाळेत शिकवण्यात घालवलं होतं. चौथीत आलेल्या पोराला वाचता का येत नाही, हा प्रश्न त्यांनी वरच्यांना इतक्यांदा विचारला की वरचे त्यांना टाळायला लागले. मग म्हणाल्या, ठीक आहे, माझं मीच शोधते. लेकीच्या बरोबरीने परीक्षांना बसल्या, संख्याशास्त्र शिकल्या आणि पन्नाशीला टेकता टेकता मूल्यमापनाचं काम करू लागल्या. म्हणजे एखादी संस्था म्हणते, आमच्या उपक्रमाने मुलं हुशार होतात. बाई जाऊन बघतात, खरंच होतात का. लोकांच्या घरी जेवायला जाऊन मीठ कमी आहे म्हणायचं, असलं हे काम. कोण प्रेमाने बोलावणार?

या वेळी उपक्रम वाचनाचा होता. सगळ्या शाळांमध्ये तो लागू होणार होता, समितीचा ठराव तयार होता, फक्त बाईंच्या अहवालाची वाट होती. अहवालात बाईंनी सरळ लिहिलं, उपक्रमाने काडीचाही फरक पडलेला नाही. झालं. उपक्रम चालवणाऱ्या संस्थेचे संचालक खवळले आणि त्यांनी एका शाळेच्या चाचणीची रेकॉर्डिंगं समितीमार्फत मागितली. बाईंनी ती न ऐकता, बिनधास्त देऊन टाकली. समितीने लावून ऐकली, तर बाईंनी कच्ची म्हणून लिहिलेली पोरं घडाघडा वाचत होती.

"त्या शाळेत चाचणी कोणी घेतली?" ताईने विचारलं.

"मी. स्वतः. एकेका मुलाला समोर बसवून. ती पोरं अडखळत होती, ताई. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"पोरं तीच आहेत?"

"आवाज तेच. सुरुवातीला आपापला नंबर सांगतात तोही बरोबर."

भावोजींनी घसा खाकरला आणि म्हणाले की माणसाच्या कानांचं काही खरं नसतं, वय झालं की असं होतं. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खिडकीबाहेर बघू लागले.

ताईने चाचणीची पद्धत समजून घेतली. उतारा मुलांनी कधीही न पाहिलेला असतो. तो एका जाड कार्डावर छापलेला असतो, कार्डं कुलपात असतात आणि चाचणी संपली की मोजून परत येतात. मूल आपला नंबर सांगतं आणि वाचू लागतं. परीक्षकाने तोंड उघडायचं नाही. मूल अडलं तर सांगायचं नाही, साधी खूणसुद्धा करायची नाही.

"शिक्षकाला सगळ्यात जड जातं ते हेच," बाई म्हणाल्या. "पोर अडलं की आपोआप काहीतरी निघतं. पहिली दोन वर्षं मी हात मांडीखाली दाबून बसायचे."

मग त्यांनी रेकॉर्डिंगं लावली. एका मुलीचा खणखणीत आवाज आला. "विहिरीवरच्या लाकडी चाकाला तेल... घालायला सुताराची मुलगी रोज... सकाळी जायची." मग एक मुलगा, मग आणखी एक मुलगी. सगळी तोच उतारा वाचत होती, एकाहून एक सरस. एक पोरगा मध्येच थांबला. ठक ठक असा बारीक आवाज आला आणि तो सुरळीत पुढे गेला. भावोजी म्हणाले, दारावर कोणीतरी आहे वाटतं. बाई म्हणाल्या, रेकॉर्डिंगमधलाच आवाज आहे, शेजारी बाकं दुरुस्त करत असतील. ताईने डोळे मिटून सगळं पुन्हा ऐकलं. मग कार्ड मागितलं आणि पहिली ओळ कुठे संपते ते पाहिलं. ती 'सुताराची' या शब्दावर संपत होती.

"रेकॉर्डिंगं कोणाच्या ताब्यात असतात?"

कचेरीच्या संगणकात असतात, आणि तो तिघांना उघडता येतो, असं बाईंनी सांगितलं. स्वतः बाई, आकडेमोड करणारा त्यांचा तरुण सहकारी, आणि शाळा-शाळांत फिरून कार्डांची आणि बाकीची व्यवस्था बघणारे मास्तर. मास्तर म्हणजे बाईंच्या जुन्या शाळेतले, शेजारच्या वर्गाचे. बाईंनीच त्यांना या कामात आणलं होतं.

आकडेवाल्याला भेटून बाहेर पडताना भावोजींची खात्री पटली होती. त्या गृहस्थाने लपवाछपवी केलीच नाही. संचालकांनी मला नोकरी देऊ केलीय, मी ती घेणार आहे, असं तोंडावर सांगितलं. रेकॉर्डिंगं आपण जन्मात ऐकलेली नाहीत, आपला संबंध फक्त आकड्यांशी, असंही म्हणाला. वर विचारलं, अजून काही?

"हाच तो," भावोजी जिन्यातच म्हणाले. "मालक बदलला की कुत्रंसुद्धा आधी शेपूट हलवतं."

"तुम्ही बायको बदलायला निघालात तर आधी माझ्या बहिणीला सांगून निघाल का?" ताई म्हणाली. भावोजींना यातलं काही कळलं नाही.

संचालकांनी त्यांना गुबगुबीत कोचावर बसवलं आणि अर्धा तास शिक्षणाविषयीची आपली तळमळ ऐकवली. इतक्या शाळा असताना नेमकी त्याच शाळेची रेकॉर्डिंगं का मागितली, असं ताईने विचारलं तेव्हा तळमळ जरा थांबली. सहज, म्हणाले. कुठली तरी एक मागायची होती.

संध्याकाळी दोघं मास्तरांच्या घरी गेले. घर त्या शाळेच्या समोरच होतं. मागच्या खोलीत मास्तर तिथल्याच पोरांची फुकट शिकवणी घ्यायचे आणि पोरं एका सुरात पाढे म्हणत होती. भिंतभर फळा होता, पण त्याच्या अर्ध्या भागापुढे लोखंडी कपाट ठाण मांडून उभं होतं. भावोजींनी उत्साहाने ते सरकवायला खांदा लावला. कपाट हललं नाही, भावोजींचा खांदा मात्र हलला.

मास्तर हसले. "मी इथे राहायला आलो तेव्हापासून ते तिथेच आहे. अर्ध्या फळ्यावर भागवतो."

माणूस मनाने मऊ होता. पोरांना नावानिशी, घरच्या अडचणींसकट ओळखायचा. बाईंचा विषय निघाला तसा त्यांचा आवाज बदलला. तिला पुढे जायचं होतं, ती गेली, मी पोरांतच राहिलो, म्हणाले. आमच्या पोरांना तिने कागदावर नापास केलं हे मात्र वाईट झालं.

भावोजींना सहानुभूती दाखवायची होती. ते म्हणाले, "अहो, माणसाला एकदा ते चढलं ना, ते हे... काय म्हणतात त्याला..." आणि अडले. मास्तरांनी बोटाच्या पेराने मेजावर दोनदा ठकठक केलं आणि मान तिरकी करून वाट बघितली. "पद!" भावोजी आनंदाने म्हणाले. शब्द सापडल्याचा त्यांना इतका हर्ष झाला की पुढे काय म्हणायचं होतं तेच ते विसरले.

घरी परतताना ताईने बाईंना फोन करून उताऱ्याची चार-पाच कार्डं आणि कात्री घेऊन सकाळी शाळेत यायला सांगितलं. बाईंनी एकच अट घातली. समितीपुढे एकाही पोराला उभं करायचं नाही. माझं नाव गेलं तरी चालेल, पण पोरांचा तमाशा होऊ देणार नाही. ताई म्हणाली, तसं झालं तर मीच तुमचं काम सोडेन.

सकाळी मुख्याध्यापिकांच्या खोलीत काय झालं, ते भावोजींना दिसलं नाही. त्यांना बाहेर बाकावर बसवलं होतं. आतून पोरांचे आवाज येत होते, हसणं येत होतं. मुख्याध्यापिका बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

दुपारी समितीच्या खोलीत सगळे जमले. अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले होते आणि त्यांना लवकर घरी जायचं होतं. माफीचा मजकूर टाइप होऊन बाईंच्या पुढ्यात आलाच होता. बाईंनी तो न वाचता बाजूला सारला.

ताई उभी राहिली. "साहेब, मूल कार्डावरून वाचतं तेव्हा ओळ संपली की अडखळतं, किंवा अर्थ संपला की थांबतं. ही पोरं 'तेल'वर थांबतात आणि 'रोज'वर थांबतात. सगळीच्या सगळी. तिथे अर्थ संपत नाही. कार्डावर ओळही तिथे संपत नाही. मग 'तेल'वर ओळ संपते तरी कुठे?"

अध्यक्षांनी घड्याळावरची नजर काढली.

"अर्ध्या फळ्यावर. उरलेल्या अर्ध्यापुढे कपाट असलं की चार शब्दांत फळा संपतो. पोरं एका सुरात घोकतात आणि ओळ संपेल तिथे श्वास घेतात. मग तो श्वासही पाठ होतो. चाचणी झाल्यावर हा उतारा त्यांना फळ्यावर लिहून पाठ करून दिला गेला, पुन्हा रेकॉर्ड केला गेला आणि खऱ्या रेकॉर्डिंगच्या जागी ठेवला गेला."

संचालक म्हणाले, हे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं.

"मग हे बघा." ताईने एक कार्ड अध्यक्षांपुढे ठेवलं. "आज सकाळी या कार्डाच्या शेवटच्या दोन ओळी आम्ही कापून टाकल्या. मुख्याध्यापिका समोर होत्या. सगळ्या पोरांनी उतारा शेवटपर्यंत वाचला. कार्डावर नसलेल्या ओळीसुद्धा."

मुख्याध्यापिकांनी मान हलवली आणि हलक्या आवाजात सांगितलं की हो, तसंच झालं. एका मुलीने तर कार्ड उलटं धरलं होतं.

भावोजी आकडेवाल्याकडे विजयी मुद्रेने बघत होते. ताईने त्यांचा दंड धरून त्यांना मास्तरांच्या दिशेला वळवलं.

"आकडेवाल्याला खोटं करायचं असतं तर त्याने बसल्या जागी एक आकडा बदलला असता. पोरं गोळा करून फळ्यावर लिहीत कशाला बसेल? हे सुचणार शिक्षकालाच. संगणक उघडता येणारा, घरी अर्धा फळा असणारा आणि पोर अडलं की गप्प राहू न शकणारा शिक्षक. रेकॉर्डिंगमध्ये पोरगा अडतो तिथे दोनदा ठकठक ऐकू येते. बाईंनी तर ही सवय मोडायला दोन वर्षं हात मांडीखाली दाबून काढली. मास्तर, काल भावोजींचा शब्द अडला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

मास्तरांनी आपला उजवा हात डाव्या हाताने झाकला. मग त्यांनी कबूल केलं. संचालकांना कोणती शाळा मागायची तेही आपणच सांगितलं, म्हणाले. संचालकांनी लगेच खुलासा केला की आपल्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो खुलासा कोणी लिहूनही घेतला नाही.

"पोरांच्या नावापुढे तो शेरा बघवला नाही मला," मास्तर म्हणाले. "एवढंच होतं."

"आणि माझं नाव जाईल, हे डोक्यात आलं नाही?" बाईंनी विचारलं.

"आलं होतं."

बाईंचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "मी पोरांना नापास केलं नाही, मास्तर. उपक्रमाला केलं. पोरांना वाचता येत नाही हे मी लिहिलं, ते कोणीतरी त्यांना शिकवावं म्हणून. तुम्ही ते झाकलंत. आता त्यांना कोण शिकवणार होतं?"

इतकी वर्षं शेजारच्या वर्गात काढली होती दोघांनी. बाईंना त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम कसं सोसायचं ते त्यांना कळत नव्हतं.

अध्यक्षांनी माफीचा कागद फाडला. बाईंचं नाव निर्विवाद स्वच्छ आहे, असं इतिवृत्तात लिहायला सांगितलं. मग पुढे झुकून, फार गोड आवाजात म्हणाले, "आता सगळं मिटलंच आहे, तर एक करा. 'काहीही फरक पडला नाही' हे जरा कडक वाटतं. 'मर्यादित फरक पडला' असं करू या. ठराव तयार आहे, सगळ्यांचंच सोपं होईल."

संचालकांनी श्वास सोडला. भावोजीसुद्धा मान हलवणार होते, पण मेहुणीकडे बघून थांबले.

"नाही," बाई म्हणाल्या.

"एकाच शब्दाचा तर प्रश्न आहे, बाई."

"हे नाव वाचवायला मी एवढी धडपडले. आता ते वाचलंय, तर त्याच्याखाली खोटं लिहून देऊ?"

अध्यक्षांचा गोडवा आटला. "असं ताठ राहिलात तर पुन्हा काम मिळणं अवघड जाईल. हे क्षेत्र लहान आहे."

"नाही मिळालं तर वर्गात परत जाईन. तिथे माझी पोरं वाचायला शिकायची, ते कोणाला पाठ करून द्यावं लागलं नाही."

त्यांनी पिशवीतून अहवाल काढला, पहिलं पान उघडलं आणि खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या. शीर्षकापासून, ठणठणीत आवाजात, त्या वाचू लागल्या. अध्यक्षांनी एकदा हात वर केला. बाईंनी पान उलटलं आणि वाचत राहिल्या.