वजाबाकीत उरलेलं

बिश्केकमधल्या आमच्या स्टुडिओत त्या सकाळी सॉफ्टवेअरवरून जुंपली होती. माझा भागीदार तलांत जुन्या सॉफ्टवेअरचा भक्त. नव्यात गाणं फिकं पडतं, असं त्याचं म्हणणं.

"कान धुऊन ये," मी म्हटलं. "दोन्हीकडे आकडे तेच, आवाज तोच."

"सिद्ध कर, बेगायिम."

आमच्याकडे गायला येणाऱ्या बुबुसारा आपांनी तीन तारांचा कोमुझ छेडत गायलेलं गाणं मी दोन्ही सॉफ्टवेअरमधून काढलं. मग एका फाईलची ध्वनिलहर उलटी करून दुसरीत मिसळली, म्हणजे वजाबाकीच केली. दोन्ही हुबेहूब असतील तर एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरते निव्वळ शांतता. मीटर जागचं हललं नाही. मी ऐटीत तलांतकडे पाहिलं.

तेवढ्यात हेडफोनमध्ये कोणीतरी खाकरलं.

बाईचा घसा, म्हातारा, खरखरीत. मीटर शून्यावरच. मूळ रेकॉर्डिंगमध्ये शोधलं, तिथं नव्हतं. वायर बदलली, कॉम्प्युटर बदलला, तिसरं सॉफ्टवेअर आणलं. दरवेळी आपा ज्या ओळीवर आवाज चढवतात, नेमकं तिथंच.

"आता बोल," तलांत म्हणाला. पण त्यात टोमणा उरला नव्हता.

दुपारी आपा आल्या. त्यांनी हेडफोन लावून ऐकलं आणि ते काढून टेबलावर ठेवले.

"माझी सासू," त्या म्हणाल्या. "मी गायला लागले की अशीच खाकरायची. मी गप्प व्हायचे. ती गेली तेव्हा कुठं कोमुझ पुन्हा हातात घेतला."

"आपा, हे गाणं सोडून देऊ या का?"

"का म्हणून? माइक लाव, पोरी. खाकरू दे तिला. घसा तिचाच दुखेल."

आपा गायल्या. ती ओळ आली तेव्हा थांबल्या नाहीत; उलट तीच पुन्हा घेतली, आधीपेक्षा वरच्या पट्टीत, मान ताठ करून.

मी पुन्हा वजाबाकी केली. ओळीची जागा आली, गेली. खाकरणं नाही.

"हरली म्हातारी," तलांत पुटपुटला.

सॉफ्टवेअरनं आवाजात काडीचा फरक पडत नाही. हे मी आजही छातीठोकपणे सांगते, कोणालाही.

पण त्या शांततेत खुर्ची करकरत सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी सावकाश टेकलं. ऐकायला.

माइकच्या खोलीत खुर्ची नाही. आपा बाकावर बसून गातात.

ती करकर मी ओळखते. ती खुर्ची इथं, माझ्या मागे असते.